पुरणाऱ्या भुंगेऱ्याचे बिऱ्हाड

वसंतातील व्याख्यानाला मेलेल्या उंदराचा विषय निवडणे फारसे शिष्टसंमत नाही, हे मी जाणून आहे. सायंकाळच्या गार वाऱ्याला चार चांगल्या गोष्टी ऐकावयास आलेल्या श्रोत्यांपुढे मढी, अळ्या आणि दुर्गंधी यांची कथा लावावयाची म्हणजे थोडे धाडसच. परंतु ज्या किड्याचा इतिहास आज सांगावयाचा आहे, त्याने गेली पावणेतीनशे वर्षे चांगल्या चांगल्या पंडितांना गुडघे टेकून मातीत बसावयास लावले आहे. त्यांच्यापुढचा प्रश्न दिसावयास अगदी साधा होता. हा किडा राहतो कोठे? रानात की माळावर? पोयट्यात की वाळूत? जात टिकून असते तोवर हा प्रश्न पंडितांच्या विरंगुळ्याचा असतो. जात नाहीशी होऊ लागली, की मात्र त्याच प्रश्नाच्या उत्तरावर तिचे जगणेमरणे ठरते. कारण उत्तर चुकले तर तिला वाचविण्याची सारी खटपट भलत्याच जागी होते. अमेरिकेत असाच एक प्रसंग आला. परंतु तेथे पोचण्यापूर्वी आपणांस बर्लिनच्या एका बागेतून जावयाचे आहे.

मढ्यांवर जगणारे भुंगेरे अनेक आहेत. त्यांतील बरेचसे येतात, खातात, अंडी घालतात आणि आपल्या वाटेने जातात. एक घराणे मात्र सापडलेले मढे उघड्यावर ठेवीत नाही. ते जमिनीत पुरते. डेन्मार्कचा कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियस याने १७७५ मध्ये या घराण्याला ‘निक्रोफोरस’, म्हणजे प्रेत वाहून नेणारा, असे ग्रीक वळणाचे नाव दिले. नाव देताना त्याने एका स्वराची गडबड केली. ‘नेक्रो’च्या जागी ‘निक्रो’ लिहिले. पुढच्या अनेक पंडितांनी ते आपल्या ग्रंथांतून परस्पर सुधारून घेतले. पण नामकरणाचा नियम असा, की पहिल्याने जे लिहिले तेच खरे. म्हणून अखेरीस ती चूकच शास्त्रशुद्ध ठरली! जर्मन लोक या किड्याला सरळ ‘थडगे खोदणारा’ म्हणतात. आपण त्याला पुरणारा भुंगेरा म्हणू. अंग काळेभोर, बहुतेक जातींत पाठीवर नारिंगी पट्टे, आणि मिशांच्या टोकाला जाडसर गोंडे. या गोंड्यांनी तो मढ्याचा वास दुरून ओळखतो.

बर्लिनमध्ये योहान गोटलीब ग्लेडिच नावाचा एक वनस्पतिशास्त्रज्ञ होता. त्याचा खरा विषय झाडे. किडे त्याच्या वाट्याला योगायोगाने आले. युरोपात जमिनीखाली बिळे करून राहणारा, मखमली लोकरीचा ‘मोल’ नावाचा लहानसा प्राणी असतो. आपल्या चिचुंदरीची आठवण व्हावी असे त्याचे तोंड. मेलेला मोल बागेतल्या भुसभुशीत वाफ्यावर टाकला, की दोनतीन दिवसांत, कधी कधी तर बारा तासांतच, तो नाहीसा होतो असे ग्लेडिचच्या ध्यानात आले. मांजराने नेला, घुबडाने नेला असे म्हणून दुसरा कोणी स्वस्थ बसला असता. ग्लेडिचने एक मोल मुद्दाम वाफ्यावर ठेवला. तिसऱ्या सकाळी तो नव्हता. त्याच जागी खणून पाहिले तेव्हा तो तीन इंच खाली सापडला, आणि त्याच्या पोटाखाली चार भुंगेरे. त्याने तो पुन्हा मातीआड केला. सहा दिवसांनी पाहतो तो मढ्यात अळ्या वळवळत होत्या. आता कुठे त्याला या अंत्यसंस्काराचे रहस्य उलगडले: भुंगेरे मढे पुरत होते ते आपल्या पोराबाळांसाठी.

मग त्याने चार भुंगेरे मातीने भरलेल्या भांड्यात ठेवून त्यांना एकामागून एक मढी पुरविली. पन्नास दिवसांत त्या चौघांनी चार बेडूक, तीन लहान पक्षी, दोन मासे, एक मोल आणि दोन नाकतोडे अशी बारा मढी पुरली. वर माशाची आतडी आणि बैलाच्या फुप्फुसाचे दोन तुकडे निराळेच. १७५२ मध्ये ग्लेडिचने ही हकीकत प्रसिद्ध केली. विल्यम कर्बी हा इंग्रज धर्मोपदेशक आणि त्याचा मित्र विल्यम स्पेन्स यांनी ती आपल्या कीटकशास्त्राच्या लोकप्रिय ग्रंथात उतरून घेतली, आणि एकोणिसाव्या शतकात ती घरोघर पोचली. या कर्बीचे नाव लक्षात असू द्यावे. त्याची पुन्हा गाठ पडणार आहे.

ग्लेडिचच्या हकिकतीत आणखी एक गोष्ट होती, आणि लोकांना तीच अधिक आवडली. कोणी एकाने बेडकाच्या जातीचा एक प्राणी वाळविण्यासाठी काठीच्या टोकावर लावून ठेवला. भुंगेऱ्यांनी म्हणे काठीचे मूळच पोखरले, काठी पाडली आणि बेडकाबरोबर काठीही पुरली. किड्याला बुद्धी असते याचा हा पुरावा म्हणून वर्षानुवर्षे सांगितला गेला. गोष्ट इतकी सुरेख, की ती पडताळून पाहावी असे फारसे कोणाला वाटले नाही.

ज्याला वाटले तो फ्रान्सच्या दक्षिणेतील एक निर्धन शाळामास्तर होता. झां आंरी फाब्र १८७९ मध्ये सेरिन्यां या खेड्यात येऊन राहिला. तेथील आपल्या खडकाळ, काटेरी जमिनीच्या तुकड्यालाच त्याने प्रयोगशाळा केले. मढी पुरविण्याचे काम त्याने भाजीपाला घेऊन येणाऱ्या एका माळ्याला दिले, आणि अंगणातील रोझमेरीच्या झुडपांखाली मोल अंथरून भुंगेरे जमविले. मग त्याने ती काठीची गोष्ट कसोटीस लावली. उंदीर काठीला असा बांधला, की त्याचे अंग जमिनीला टेकावे, पण काठीच्या बुंध्यापासून दूर. भुंगेऱ्यांनी उंदराखाली खणले. काठीच्या मुळाकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. मढे ज्या ठिकाणी मातीला टेकते तेथे खणावयाचे, एवढेच त्यांना ठाऊक. काठी पडली असेल तर ती मढे नेमके तिच्या बुंध्याशी टेकले होते म्हणून.

या प्रयोगात फाब्रने एक दंतकथा मोडली, हे सर्वांना माहीत आहे. मला त्याचा दुसरा प्रयोग अधिक मोलाचा वाटतो. त्याने वाळूच्या पातळ थराखाली एक वीट लपविली आणि तिच्यावर उंदीर ठेवला. भुंगेरे खाली शिरले; खणता येईना. पुष्कळ वेळ ओढाताण झाली, पुन्हा पुन्हा तीच कठीण जागा चाचपून झाली. मध्येच एखादा बाहेर येऊन आसपासची माती उकरून बघे आणि परत जाई. शेवटी उंदीर हळूहळू विटेवरून सरकवीत मोकळ्या मातीवर नेला, आणि तेथे तो पुरला. जमीन गवताच्या मुळ्यांनी विणलेली असली, तर मुळ्या कातरून वाट करतात, हेही त्याने पाहिले. म्हणजे मढे जेथे पडेल तेथेच बिऱ्हाड, असे नव्हे. जागेला पसंती आहे. पण ती हातभर अंतरातील मातीची पसंती आहे. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात. या किड्याचे बिऱ्हाड दुसऱ्याच्या मरणात. फक्त खालची जमीन तेवढी खणण्याजोगी हवी.

फाब्रला एक गोष्ट मात्र दिसली नाही, आणि ती सर्वांत मोठी होती. पुरलेल्या मढ्याशेजारी जमिनीखाली काय चालते, हे १९३३ मध्ये एर्ना पुकोव्स्की या जर्मन संशोधिकेने मांडले. मढ्यावर प्रथम अनेक भुंगेरे जमतात आणि त्यांच्यात जुंपते. नर नराशी, मादी मादीशी. अखेर बहुधा एक जोडपे उरते. ते मढ्याचे केस अगर पिसे काढून टाकते, त्याचा गोळा वळते आणि तो खालच्या पोकळीत ठेवते. तोंडातून व गुदद्वारातून निघणारे द्रव त्याला चोपडले जातात. त्यांनी मांस कुजण्याची क्रिया मंदावते. मादी जवळच्या मातीत अंडी घालते. अळ्या बाहेर पडून गोळ्याकडे येतात, तेव्हा आईबाप त्यांना भरवितात! अळी मान उंच करून मागते, आणि भुंगेरा आपल्या तोंडातील पातळ अन्न तिच्या तोंडात घालतो. चिमणी पिलाला भरविते, अगदी तसेच. हे वात्सल्य हिशेबी आहे, हेही पुढे दिसून आले. मांस थोडे आणि अळ्या फार झाल्या, तर आईबाप त्यांतील काही स्वतःच खाऊन टाकतात आणि पुरतील तेवढ्याच ठेवतात.

इतका संसार थाटावयाचा म्हणजे मढे ताजे, नेमक्या आकाराचे आणि इतरांच्या दृष्टीआड झालेले पाहिजे. आकाराने मोठे असेल तर पुरता येत नाही. लहान असेल तर पोरांना पुरत नाही. मढे हे असे धन आहे, की ते केव्हा आणि कोठे पडेल याचा नेम नाही, आणि त्यावर टपलेले वारसदार असंख्य. कोल्हे आहेत, कावळे आहेत, मुंग्या आहेत. परंतु सर्वांत वाईट म्हणजे माश्या. निळ्याहिरव्या झाकेच्या या माश्या ऊन असताना मढ्यावर पहिल्यांदा पोचतात आणि अंडी घालून मोकळ्या होतात. भुंगेऱ्याच्या अंगावर कोळ्याच्या जातीचे अगदी बारीक जीव स्वारी करीत असतात. मढ्यापाशी पोचताच ते उतरतात आणि माश्यांची अंडी फस्त करतात. प्रवासाचे भाडे असे वसूल होते, असे म्हणावयास हरकत नाही.

माश्यांचे हे वैर ध्यानात घेतले, म्हणजे पुरणारे भुंगेरे मुख्यत्वे उत्तरेकडच्या थंड मुलखांत का आढळतात, याचा उलगडा होऊ लागतो. उन्हात माश्यांची अंडी झपाट्याने उबतात. भुंगेऱ्याला पुरण्याइतका अवधीच मिळत नाही. आपल्या देशात या घराण्याला भेटावयाचे, तर हिमालयाच्या उतारांवर जावे लागते. तेथे नेपाळचे नाव धारण करणारी एक जात आहे, आणि ती पूर्वेकडे थेट तैवानच्या डोंगरांपर्यंत पसरली आहे. तैवानात या जातीवर झालेले काम २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि ते मोठे बोलके आहे. डोंगराच्या वरच्या थंड पट्ट्यात माश्या कमी. तेथे भुंगेरे आपसांत भांडतात आणि एकेकटे जोडपे मढे बळकावते. खालच्या उबदार पट्ट्यात माश्यांचा सुळसुळाट; तेथे तेच भुंगेरे भांडण आवरते घेऊन एकजुटीने मढे राखतात. जात एक, डोंगर एक, पण हजारदोन हजार मीटरांच्या चढउतारात वागण्याची रीत पालटते. शत्रू समान झाला म्हणजे भाऊबंदकी थांबते, हे आपणांस इतिहासाने पुष्कळदा दाखविले आहे. भुंगेऱ्यांना ते कोणी शिकविले नाही, एवढाच फरक.

एकाच प्रदेशात पुरणाऱ्या भुंगेऱ्यांच्या तीनचार जाती नांदत असतील, तर त्या आपसांत वाटणी करून घेतात. युरोपात एक जात मोकळ्या शेतांची, तर तिची सख्खी बहीण म्हणावी अशी दुसरी जात रानाची. वाटणी जागेचीच असते असेही नाही. अमेरिकेच्या रानांत एक जात उन्हाळ्याच्या आरंभी रात्री फिरते, तर दुसरी उन्हाळा सरता सरता, तीही दिवसा. जागा तीच, घड्याळ वेगळे. तेव्हा वसतिस्थान म्हणजे नकाशावरचा रंगीत तुकडा ही आपली समजूत येथे तोकडी पडू लागते.

या वाटणीचा एक नमुना विशेष सांगण्यासारखा आहे. युरोपात जी रानाची जात मानली जाते, तीच कॅनडाच्या पूर्वभागात स्फॅग्नम शेवाळाच्या ओल्या दलदलींत आढळते, असे पुष्कळ वर्षे समजत होते. एकच जात एका खंडात रानात आणि दुसऱ्या खंडात दलदलीत कशी? तिच्याहून बलवान अशी दुसरी जात कॅनडाच्या रानांत आहे, आणि तिने हिला दलदलीत हाकलले आहे, असा खुलासा केला गेला. त्यात तथ्यही आहे. परंतु २०१६ मध्ये अधिक बारकाईने तपास झाला तेव्हा कळले, की दलदलीतला तो भुंगेरा मुळातच वेगळ्या जातीचा आहे. मग त्याला नाव काय द्यावे? जुनी दप्तरे चाळली, तर नाव तयारच होते. त्याच विल्यम कर्बीने १८३७ मध्ये ते दिले होते, आणि पुढच्यांनी निरुपयोगी म्हणून बाजूस टाकले होते. वसतिस्थानाच्या एका विसंगतीने जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाला न्याय मिळवून दिला.

आता अमेरिकेच्या मुख्य प्रकरणाकडे वळू. उत्तर अमेरिकेतील सर्वांत मोठा पुरणारा भुंगेरा तेथीलच नावाने ओळखला जातो. शास्त्रीय परिभाषेत निक्रोफोरस अमेरिकानस. लांबी अडीच ते साडेचार सेंटिमीटर, आणि मानेमागच्या ढालीवर मोठा नारिंगी ठिपका. एके काळी तो किती पसरलेला होता, हे आपणांस ग्रंथांपेक्षा संग्रहालयांतील टाचण्या अधिक नेमके सांगतात. हौशी संग्राहकांनी किडा टाचून त्याखाली गावाचे नाव व तारीख लिहिलेली चिठ्ठी खोचून ठेवली होती. अशा चिठ्ठ्या एकत्र केल्या तेव्हा अमेरिकेतील ३५ राज्ये आणि कॅनडातील ३ प्रांत भरले. नोव्हा स्कोशियापासून टेक्सासपर्यंत हा किडा होता. आणि याच चिठ्ठ्यांनी दुसरी गोष्ट सांगितली: विसाव्या शतकाच्या आरंभापासून त्या तुरळक होत गेल्या. १९२० च्या सुमारास पूर्वेकडील बहुतेक भागांतून किडा नाहीसा झाला होता. १९८९ मध्ये सरकारने त्याला नष्ट होण्याच्या मार्गावरील जात म्हणून संरक्षण दिले, तेव्हा त्याच्या दोनच वस्त्या ठाऊक होत्या. एक ऱ्होड आयलंड राज्यातील ब्लॉक आयलंड या छोट्या बेटावर, दुसरी तेथून दोन हजारांहून अधिक किलोमीटर दूर, ओक्लाहोमा राज्याच्या पूर्वेस.

इतका पसरलेला किडा गेला कोठे? पहिला संशय डीडीटीवर गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर शेतांवर हे विष धो धो फवारले गेले होते आणि अनेक पापे त्याच्या नावावर खरोखर जमा आहेत. परंतु चिठ्ठ्यांवरील तारखा त्याला निर्दोष सोडतात. किडा बहुतेक ठिकाणांहून गेला तेव्हा डीडीटी शेतात आलेच नव्हते. रस्त्यांवरील विजेच्या दिव्यांना हा निशाचर भुलतो, म्हणून दिव्यांनाही दोष देण्यात आला. १९८२ मध्ये रॉबर्ट अँडरसन यांनी निराळा विचार मांडला: हा किडा जुन्या, घनदाट, आदिम अरण्याचा रहिवासी असावा, अरण्य तोडले गेले आणि तो बेघर झाला. पूर्व अमेरिकेतील अरण्ये खरोखरच तुटली होती. हा विचार पटण्यासारखा होता आणि त्यावरून धोरणही सरळ निघत होते. किडा वाचवावयाचा तर जुने अरण्य राखा.

या उपपत्तीच्या वाटेत ब्लॉक आयलंड आडवे आले. किनाऱ्यापासून १४ किलोमीटरांवरचे, सुमारे २५ चौरस किलोमीटरांचे हे बेट. वसाहतवाल्यांनी त्यावरची झाडे केव्हाच तोडून टाकली होती. वाऱ्याने झोडपलेली झुडपे, कुरणे आणि दगडी गडगे, एवढेच तेथे उरले होते. आणि ज्याला अरण्यवासी म्हणावयाचे, तो पूर्वेकडे शेवटपर्यंत टिकला तो याच उघड्याबोडक्या बेटावर! पुढे शोध वाढला तसे पश्चिमेस नेब्रास्काच्या गवताळ वाळूच्या टेकड्यांतही त्याच्या मोठ्या वस्त्या सापडल्या. तेथे तर मैल मैल झाड दिसत नाही. आर्कान्सा व ओक्लाहोमा येथील लष्करी सरावाच्या विस्तीर्ण जागांतही तो आढळला. रणगाडे फिरतात तेथे हा किडा सुखाने नांदतो, हे कोणाच्या स्वप्नातही आले नसेल.

मग या बेटावर असे काय होते, की जे मुख्य भूमीवर उरले नव्हते? उत्तर झाडांत नव्हते, मढ्यांत होते. इतर लहान जातींना एखाद्या उंदराचे, वीसपंचवीस ग्रॅमचे मढे पुरते आणि उंदीर कोठे नाहीत? या दांडग्या भुंगेऱ्याला पोरे वाढविण्यासाठी सुमारे ८० ते २०० ग्रॅमचे मढे हवे. म्हणजे होल्याएवढ्या पक्ष्याचे, किंवा त्याहून मोठ्या पक्ष्याच्या पिलाचे. असे मढे मुळातच दुर्मिळ. ब्लॉक आयलंडवर बाहेरून आणून सोडलेले फेझंट पक्षी होते आणि त्यांची पिले मरत असत. शिवाय मुख्य भूमीवरील कोल्हा, रॅकून, स्कंक हे मढ्यांचे चोर त्या बेटावर नव्हते. जे मरे, ते भुंगेऱ्याच्या वाट्यास येई.

मुख्य भूमीवर नेमके उलट घडले होते. एके काळी ज्यांचे थवे सूर्य झाकीत असे सांगतात, ती प्रवासी कबुतरे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंदुकीने आणि जाळ्यांनी संपविली गेली. शेवटचे १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेले. त्यांच्या पिलांचे वजन या भुंगेऱ्याच्या गरजेत चपखल बसणारे होते. माळकोंबड्याही घटल्या. लांडगे आणि पुमा मारले गेल्याने त्यांच्या धाकात राहणारे कोल्हे व रॅकून माजले. अरण्याचे आणि माळाचे तुकडे तुकडे झाले, आणि अशा तुकड्यांच्या कडेकडेने हिंडणे या मधल्या चोरांना फार सोयीचे जाते. डेरेक साइक्स आणि क्रिस्टोफर रेथेल यांनी २००२ मध्ये सर्व उपपत्तींची झडती घेतली, तेव्हा योग्य मढ्यांची टंचाई आणि त्यांवरची वाढती चढाओढ हीच बाजू त्यांना वजनदार दिसली. मलाही तीच पटते. एकट्या कबुतराच्या माथी सारे मारणे मात्र सोपेपणाचे होईल. कबुतरे कधीच विपुल नव्हती अशा पश्चिमेकडील भागांतही हा किडा पुरातन काळापासून आहेच.

अरण्याची उपपत्ती मग साफ खोटी का? तसेही नाही. ओक्लाहोमात मार्क लोमोलिनो व कर्टिस क्राइटन यांनी १९९० नंतरच्या दशकात केलेल्या कामातून एक बारीक भेद पुढे आला. अन्न शोधण्यासाठी हा किडा रान, माळ, झुडपे काही पाहत नाही. सापळे कोठेही लावा, तो येतो. परंतु पिल्ले वाढविण्याच्या कामी तेथे रान माळापेक्षा सरस ठरले. खाण्यापिण्यात उदार आणि संसारात चोखंदळ, अशी ही वृत्ती आहे. सापळ्यात किती आले, यावरून वसतिस्थान ठरविणाऱ्याला हा भेद कळणार नाही. बाजारात दिसलेल्या माणसांवरून त्यांची घरे कोठे आहेत हे ठरविण्यासारखेच ते होईल. फाब्रची वीट येथे पुन्हा आठवते. मढे मिळणे ही पहिली गोष्ट, आणि ते पुरता येईल अशी जमीन हाताशी असणे ही दुसरी.

निदान बदलले तसा उपचारही बदलला. ब्लॉक आयलंडचे भुंगेरे प्रॉव्हिडन्स येथील रॉजर विल्यम्स पार्क प्राणिसंग्रहालयात वाढवून १९९४ पासून नँटकेट बेटावर सोडू लागले. किनाऱ्यापासून सुमारे ५० किलोमीटरांवरच्या या बेटावरही कोल्हे, रॅकून नाहीत. सोडण्याची रीत मोठी गमतीची होती. जमिनीत खड्डा करावयाचा, त्यात मेलेला लावा पक्षी ठेवावयाचा, एक नर व एक मादी सोडावयाची आणि वरून माती सारावयाची. जोडप्याला लग्नात घर आणि शिधा दोन्ही आंदण! भुंगेऱ्यांनी ते आंदण स्वीकारले, पोरे वाढविली, आणि पुढच्या पिढ्या बेटावर दिसू लागल्या. २००६ मध्ये नवे किडे सोडणे थांबले. परंतु लाव्यांची मढी पुरविणे त्यानंतरही चालू ठेवावे लागले. बेट मिळाले, माती मिळाली, चोर नाहीत. तरी नेमक्या वजनाची मढी पुरेशी पडत नव्हती. ओहायोमध्ये १९९८ पासून आणि मिसूरीच्या एका राखीव माळावर २०१२ पासून असेच प्रयत्न झाले.

२०२० मध्ये अमेरिकन सरकारने या भुंगेऱ्याला ‘नष्ट होण्याच्या मार्गावर’ या यादीतून उतरवून ‘धोक्यात आलेला’ या खालच्या यादीत घातले. १९८९ नंतर नव्या वस्त्या सापडल्या, ही त्यामागची बाजू. वन्यजीवांच्या कैवाऱ्यांना हा निर्णय रुचला नाही, आणि त्यांची तक्रार निराधार होती असे म्हणता येत नाही. कारण त्याच निर्णयाच्या कागदांत पुढच्या संकटाचा उल्लेख आहे. ओक्लाहोमा, आर्कान्सा या दक्षिणेकडील वस्त्या आजच या किड्याला सोसवेल अशा उष्णतेच्या कडेवर आहेत. उन्हाळ्याच्या रात्री आणखी तापल्या, तर शतकाच्या मध्याच्या आसपास त्या वस्त्या राहणार नाहीत, असा सरकारी शास्त्रज्ञांचाच अंदाज आहे. मढे लवकर सडते, माश्या लवकर पोचतात, आणि पुरण्याचे काम अर्ध्यावर राहते. तैवानातल्या भुंगेऱ्याला निदान वर चढावयास डोंगर आहे. ओक्लाहोमाच्या मैदानात तसा डोंगर नाही. तेथून उत्तरेकडे नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांपर्यंतची वाट शेते, महामार्ग आणि दिव्यांनी उजळलेली गावे यांमधून जाते.